टीकेतलं तपासता येणारं वाक्य आधी शोधा

तुमचा प्रश्न मला असा कळला: तुम्ही तंत्रज्ञानावर ब्लॉग लिहिता, स्टार्टअपमध्ये वरच्या पदावरही आहात, आणि तुमच्या एका लेखावर लोक तुटून पडलेत. 'जाहिरात आहे ही', 'आकडे फुगवलेत' असं चाललंय. उत्तर द्यावं, कमेंट काढून टाकाव्यात की गप्प बसावं, हे तुम्हाला ठरवता येत नाहीये.

मी दोन्ही कामं बरीच वर्षं करते आहे, आणि यातली माझी सर्वांत मोठी चूक आधी सांगते. आमच्या सर्च सिस्टिमच्या वेगाची इतरांशी तुलना करणारा लेख मी लिहिला होता. तक्त्यात आम्ही तिप्पट वेगवान. रात्री एकाने लिहिलं: 'दुकान मांडलंय नुसतं. लोकांना मूर्ख समजता. स्वतःच्या सिस्टिमची चाचणी कॅशे भरल्यावर घेतली आणि बाकीच्यांची रिकाम्या कॅशेवर. लाज वाटू द्या.' (कॅशे म्हणजे आधीची उत्तरं हाताशी ठेवणारी जागा; ती भरलेली असली की सिस्टिम जास्त वेगाने उत्तर देते.) अकरा मिनिटांत माझं उत्तर गेलं. त्याच्या प्रोफाइलवरून तो प्रतिस्पर्धी कंपनीत आहे हे शोधलं आणि तेच त्याच्या तोंडावर मारलं. सकाळी माझ्या उत्तराचा स्क्रीनशॉट फिरत होता, लेखाचं कुणी नावही घेत नव्हतं. दुपारी टीममधल्या एका मुलीने चाचणीची स्क्रिप्ट, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्रॅम, उघडून माझ्यासमोर ठेवली. वॉर्म-अपची, म्हणजे मोजण्याआधी कॅशे भरून घेणारी, एक ओळ फक्त आमच्या सिस्टिमच्या भागात होती. मुद्दाम कुणी टाकलेली नव्हती, पण होती. ती सगळ्यांना सारखी लावून पुन्हा मोजलं तर तिप्पटचं सव्वापट झालं.

त्या माणसाची चार वाक्यं होती. तीन अपमानाची, एक तपासता येण्यासारखं. मी त्या तिनांना उत्तर देत बसले.

तेव्हापासून टीका आली की ती कोऱ्या फाइलमध्ये उतरवते आणि विशेषणं, टोमणे, हेतूबद्दलचे आरोप खोडत जाते. मागे काही उरलं तर आधी ते तपासायचं, मग बोलायचं. काहीच उरलं नाही तर उत्तर नाही. हे काम रात्री करायचं नाही, आणि उत्तर पाठवण्याआधी कंपनीबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्यायचं.

'पण आमचे आकडे बरोबरच आहेत' असं तुम्ही म्हणाल. बरोबर असूनही हरता येतं, म्हणून इंटेलचं उदाहरण नीट बघा. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना इंटेलच्या पेंटियम या चिपच्या भागाकारात चूक सापडली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की उत्तर १.३३३८२० यायला हवं, चिप १.३३३७३९ द्यायची. इंटेलचं म्हणणं होतं की स्प्रेडशीट वापरणाऱ्या सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, आणि चिप बदलून हवी असेल तर तुम्हाला तिची गरज का आहे ते पटवून द्या. लोक भडकले ते त्या दुसऱ्या वाक्यावर. चूक किती वेळा होते हा त्यांचा मुख्य मुद्दा नव्हता. पैसे मोजून घेतलेली वस्तू सदोष आहे आणि वर आम्हीच गरज सिद्ध करायची, हा त्यांचा राग होता. डिसेंबरमध्ये आयबीएमने त्या चिपचे संगणक पाठवणं थांबवलं, मग इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं. खर्च ४७.५ कोटी डॉलर. म्हणून टीका वाचताना मी नेहमी स्वतःला विचारते: समोरचा आकड्याबद्दल बोलतोय की वागणुकीबद्दल? वागणुकीच्या तक्रारीला आकड्याने उत्तर दिलं की आग भडकतेच.

उलट बाजूला गिटलॅब, प्रोग्रॅमरांचा कोड साठवून ठेवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनियरकडून मुख्य डेटाबेसच उडाला, आणि बॅकअपच्या बहुतेक पद्धती चालतच नव्हत्या असं लक्षात आलं. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. पण दुरुस्ती चालू असतानाच्या नोंदी त्यांनी सगळ्यांसाठी उघड्या ठेवल्या, काम थेट प्रक्षेपित केलं, आणि त्या इंजिनियरला बळीचा बकरा केलं नाही. नुकसान भरून आलं नाही, पण 'काय लपवताय?' हा प्रश्न उरला नाही.

तुमची खरी अडचण दोन टोप्यांची आहे. ब्लॉगर म्हणून फटकन बोलता येतं, पण पदावरचा माणूस एखाद्या वापरकर्त्याला खडसावतो तेव्हा कंपनीच खडसावते आहे असं वाचलं जातं. म्हणून लेखावरच्या टीकेला तुम्ही स्वतःच्या नावाने उत्तर द्या. प्रॉडक्टवरची टीका ज्या टीमचं काम आहे तिच्याकडे द्या, आणि दिली आहे हे तिथेच लिहा. कंपनीशी संबंध असेल तर लेखाच्या पहिल्या ओळीत सांगा, तळाशी नाही. सहकाऱ्यांना बाजू घ्यायला पाठवू नका, प्रोफाइल बघून ते दोन मिनिटांत उघडं पडतं. दुरुस्ती केली तर जुना आकडा खोडलेला दिसू द्या, शेजारी तारीख घाला.

कमेंट काढायच्या तर फक्त शिवीगाळ, धमक्या आणि कुणाची खाजगी माहिती असलेल्या. धमकी असेल तर आधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मग ब्लॉक करा, तक्रार करा, आणि ते सगळं एकट्याने वाचत बसू नका. टीका आवडली नाही म्हणून वकिलाची नोटीस तर अजिबात नको. अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडने २००३ मध्ये स्वतःच्या घराचा फोटो हटवण्यासाठी दावा केला, तोपर्यंत तो सहाच वेळा डाउनलोड झाला होता. दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांहून जास्त लोकांनी तो फोटो असलेली साइट उघडली.

तुमच्या बाबतीत 'जाहिरात आहे' म्हणणाऱ्यांना संबंध जाहीर करणारी ती एक ओळ पुरेल. 'आकडे फुगवलेत' म्हणणाऱ्याने नेमका कुठला आकडा ते लिहिलंय का, ते आज बघा. लिहिलं असेल तर तोच आकडा पुन्हा मोजा, स्क्रिप्ट लेखाला जोडा, आणि उत्तर उद्या सकाळी द्या.