शनिवारचा पिझ्झा आणि पंधराशे कॅलरी

वजन कमी करणाऱ्या कोल्हापूर परिसरातल्या वाचकांना त्यांच्या आहाराबद्दलचे प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. भाकरी-भाजीबद्दल विचारणारे थोडे निघाले, पिझ्झाबद्दल विचारणारे भरपूर. म्हणून या वेळचं सदर बहुतेक पिझ्झालाच दिलं आहे. नावं घातलेली नाहीत.

मी ३८ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते, वजन ६८ किलो. आहारतज्ज्ञांनी १५०० कॅलरींचा आहार दिला आहे. शनिवारी रात्री मुलं पिझ्झा मागवतात. मी त्यांच्यासमोर भाकरी आणि दोडक्याची भाजी घेऊन बसते. पण मुलं झोपली की उरलेले दोन तुकडे ओट्याशी उभी राहून खाते आणि रविवारी दिवसभर जवळजवळ उपाशी राहते. माझ्यात निग्रहच नाही का? (राजारामपुरी)

ताई, निग्रह तुमच्यात भरपूर आहे. तो चुकीच्या जागी खर्च होतो आहे, एवढंच. हिशोब मांडून बघू. भाकरी, भाजी आणि वाटीभर आमटी म्हणजे ३०० कॅलरी. दहा इंची, जाड बेसच्या पिझ्झाचे सहा भाग केले तर एक तुकडा साधारण २०० कॅलरींचा. म्हणजे शनिवारी रात्री तुमच्या पोटात ७०० गेल्या. मुलांबरोबर पानावर बसून तेच दोन तुकडे खाल्ले असते, सोबत मोठी वाटी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि पेलाभर ताक घेतलं असतं, तर पाचशेच्या आतबाहेर जेवण झालं असतं. भाकरी खाऊन तुम्ही वाचवलं काहीच नाही, उलट जेवणाचा आनंदही गेला.

पिझ्झाला जेवणाची जागा द्या. जेवण झाल्यावर वरून खायची वस्तू म्हणून तो आला की गणित बिघडतं. शनिवारचा दिवस असा आखा: सकाळी दोन अंडी आणि एक चपाती किंवा मुगाची दोन धिरडी, ३०० च्या आसपास. दुपारी एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, भाजी आणि काकडी, ४०० पर्यंत. चार वाजता बिनसाखरेचा चहा, एक पेरू आणि मूठभर फुटाणे, दीडशे. रात्रीसाठी साडेसहाशे उरतात. दुपारचं जेवण मुळीच टाळू नका. दिवसभर उपाशी राहून रात्री आठला पिझ्झाचा डबा उघडला तर दोन तुकड्यांवर कुणीच थांबत नाही.

आधी कोशिंबीर खा. मग दोन तुकडे ताटात घ्या, डबा बंद करून आत ठेवून या आणि बसून जेवा. रविवारी उपास नको, नेहमीचंच जेवा. मला काळजी वाटते ती लपून खाण्याची. आहाराच्या वहीत न लिहिता, मान खाली घालून खाल्लेला घास पुढच्या शनिवारी आणखी मोठा होतो. मुलांसमोर खा. आई दोन तुकडे खाऊन समाधानाने उठते, हे त्यांनाही दिसू द्या.

मी २४ वर्षांचा, वजन ८४ किलो, ताराबाई पार्कात जिमला जातो. सोमवार ते शनिवार १९०० कॅलरी कडक पाळतो. रविवार माझा चीट डे: दुपारी मटण, तांबडा-पांढरा रस्सा, रात्री मित्रांबरोबर एक मोठा पिझ्झा एकट्याने, गार्लिक ब्रेड, कोल्ड्रिंक आणि घरी जाता जाता गंगावेशेतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं दूध. महिन्याला किलोभरही उतरत नाही. एका दिवसाने एवढा फरक पडतो का? (शाहूपुरी)

पडतो. तुमची रोजची गरज २४०० धरू. सहा दिवस पाचशे-पाचशे कमी खाल्ल्या म्हणजे शनिवारपर्यंत ३००० कॅलरींची बचत झाली. आता रविवार बघा. दहा इंची चीजचा पिझ्झा बाराशेच्या घरात. लोणी लावलेला गार्लिक ब्रेड, वर डिप, चारशे ते पाचशे. अर्धा लिटर कोल्ड्रिंक दोनशे, तीही निव्वळ साखर. म्हशीचं १०० मिली दूध शंभरच्या वर जातं, म्हणजे मोठा पेला साखरेसकट साडेतीनशे. रात्रीच्याच २१०० च्या वर झाल्या. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं मटण धरलं तर दिवस ३६०० च्या आसपास जातो. आठवड्याच्या बचतीतले हजार-बाराशे एका दिवसात परत गेले. एक किलो चरबी उतरायला साधारण ७७०० कॅलरींची तूट लागते, त्यामुळे महिन्याला किलोही का उतरत नाही हे यातच आलं.

हा ‘चीट डे’ मला मनापासून आवडत नाही. सहा दिवस उकडलेलं चिकन नाक दाबून गिळायचं आणि सातव्या दिवशी बांध फोडायचा, याला आहार म्हणत नाहीत. आठवड्यातलं एक जेवण मोकळं ठेवा, अख्खा दिवस नको. रविवारी दुपारी मटण खायचं असेल तर पिझ्झा बुधवारी खा. पिझ्झा खायचा असेल त्या दिवशी कोल्ड्रिंकच्या जागी पाणी किंवा साधा सोडा घ्या, गार्लिक ब्रेड अजिबात नको. पिझ्झाचा बेस हा ब्रेडच आहे, त्यासोबत आणखी ब्रेड कशाला?

आकाराचीही एक गोष्ट सांगते, कारण दुकानात नेमकं तिथेच सगळे फसतात. सात इंची आणि दहा इंची पिझ्झात फरक तीनच इंचांचा दिसतो. पण पिझ्झा गोल आहे, त्याचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं: साताचा वर्ग ४९, दहाचा १००. म्हणजे दहा इंची जवळजवळ दुप्पट आणि बारा इंची जवळजवळ तिप्पट. ‘थोडे पैसे घाला, मोठा घ्या’ असं काउंटरवर म्हणतात तेव्हा हे आठवा. तुम्हाला एकट्याला सात इंची पुरे, सोबत घरून दोन उकडलेली अंडी खाऊन निघा.

दुधाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. कट्ट्यावरचं ताजं दूध हे उत्तम अन्न आहे. तालमीत पहाटेपासून जोर-बैठका आणि लढत करणाऱ्या पैलवानाला तो खुराक लागतो आणि पचतोही. तुम्ही तासभर जिम करून दिवसभर खुर्चीवर बसता. दूध प्या, पण लहान पेला, बिनसाखरेचं आणि पिझ्झाच्या रात्री नको.

पिझ्झा परका, मिसळ आपली. डाएटवर मिसळ तर चालेल ना? (मंगळवार पेठ)

पिझ्झाइतकीच चालेल. मोड आलेली मटकी चांगलीच, तिच्यात प्रथिनं आहेत, तंतू (फायबर) आहेत. पण १०० ग्रॅम फरसाणात पाचशेच्या वर कॅलरी असतात, तर्री म्हणजे तेल, आणि आपल्याकडे कट पुन्हा पुन्हा वाढून घेत चार स्लाइस कधी संपतात कळत नाही. अशी प्लेट सहाशेला सहज पोचते. मटकी जास्त, फरसाण कमी आणि तर्री बाजूला काढून मागा, स्लाइस दोनच घ्या. कोल्हापुरात असं मागितलं तर वाढणारा एकदा वर बघतो, पण देतो. रविवारी सकाळी मिसळ खाल्लीत तर त्या रात्री पिझ्झा नको.

माझी मुलगी १५ वर्षांची आहे. मैत्रिणींबरोबर पिझ्झा खाऊन आली की दोन दिवस नुसत्या ताकावर राहते. मोबाइलमध्ये कॅलरी मोजते, जेवण झालं की बराच वेळ बाथरूममध्ये असते. दोन महिने पाळी आलेली नाही. दिसायला ती बारीकच आहे. तिला पिझ्झाऐवजी काय देऊ? (इचलकरंजी)

ताई, तिला पिझ्झाऐवजी काय द्यायचं हा विषय आत्ता बाजूला ठेवा. खाल्ल्यावर उपास, सतत मोजणं, जेवणानंतर बाथरूममध्ये कोंडून घेणं आणि पाळी थांबणं ही सगळी लक्षणं एकत्र आली की तो खाण्याशी जोडलेला मानसिक आजार असू शकतो. याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या. वजन, रक्तदाब, नाडी आणि रक्तातले क्षार तपासून घ्या. सतत उलट्या होत असतील तर पोटॅशियम उतरतं आणि त्याचा परिणाम हृदयावर होतो. मानसोपचारतज्ज्ञांचीही गाठ घ्या. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं किंवा उलटीत रक्त दिसलं तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार या वयाच्या मुलीची गरज दिवसाला सुमारे २४०० कॅलरींची आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. वाढीच्या वयात कॅलरी तोडायच्या नसतात. घरात कुणाच्याही वजनावर बोलणं बंद करा, कौतुकानेही नको. ‘बारीक झालीस गं’ हे तिच्या कानाला शाबासकीसारखं लागतं. मोबाइल हिसकावू नका, बाथरूमच्या दाराशी उभं राहून ओरडू नका. रोज एक जेवण सगळ्यांनी एकत्र बसून करा आणि त्यानंतर तासभर तिला सोबत ठेवा, गप्पा मारा, पत्ते खेळा. आणि तिच्यावर चिडू नका. ती हट्ट करत नाही, आजारी आहे.

मी घरीच गव्हाच्या पिठाचा पिझ्झा करते. गव्हाचा असल्यामुळे पोटभर खाल्ला तर चालेल का? तव्यावर नीट होत नाही, चीजही भरपूर लागतं. (कागल)

पोटभर नको. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ३५० कॅलरी असतात आणि गव्हाच्या पिठात ३२० ते ३४०. वजनाच्या हिशोबात हा फरक किरकोळ आहे. गव्हाचा फायदा तंतूंमध्ये आहे: कोंड्यासकट पिठात ते मैद्याच्या तिपटीहून जास्त असतात, त्यामुळे पोट लवकर भरतं आणि भूक उशिरा लागते. तेवढ्यासाठी गहू नक्की घ्या.

खरा फरक पातळ लाटण्याने आणि चीज मोजण्याने पडतो. एका माणसाला ६० ग्रॅम पीठ घ्या, २०० कॅलरी. दही आणि चिमूटभर खायचा सोडा घालून भिजवा, अर्धा तास झाका. चपातीपेक्षा जरा जाड लाटा, काट्याने टोचे मारा. मोझरेला ३० ग्रॅम, ९० कॅलरी. हे वजनकाट्यावर एकदा मोजून बघाच, कारण डोळ्यांना ३० वाटणारं चीज ६० भरतं. तेल एक चमचा, ४५. घरचा टोमॅटोचा सॉस आणि भाज्या मिळून चाळीस. एकूण पावणेचारशे आणि ताट भरल्यासारखं दिसतं.

सॉससाठी टोमॅटो, लसूण आणि लाल मिरची शिजवून आटवा, बाटलीतला गोड सॉस वापरू नका. त्यात आपला कांदा-लसूण मसाला पाव चमचा घातला तर झणझणीत लागतो आणि कमी चीजमध्ये समाधान होतं. तव्यावरचा पिझ्झा बिघडतो तो दोन कारणांनी. एक, भाज्यांचं पाणी: सिमला मिरची, मशरूम, कांदा आधी मोठ्या आचेवर परतून कोरडे करा. दुसरं, आच: बेस एका बाजूने आधी भाजून घ्या, उलटून भाजलेल्या बाजूवर सॉस, भाज्या, चीज घाला, मग जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांत चीज वितळतं. प्रथिनं हवी असतील तर वर पनीर किंवा उकडलेल्या चिकनचे तुकडे घाला, पण मग चीज थोडं कमी करा. ज्वारीच्या भाकरीवर हेच सगळं घालून बघा, कुरकुरीत भाकरीवर फारच छान लागतं.

वय ५९, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. नातवाबरोबर दोन तुकडे खाल्ले. दोन तासांनी साखर बरी होती, सकाळी उपाशीपोटी वाढलेली निघाली. मशीन बिघडलं का? (रंकाळा परिसर)

काका, मशीन ठीक असावं. चीजमधली चरबी जठर उशिरा रिकामं करते, त्यामुळे मैद्याची साखर रक्तात हळूहळू, पुष्कळदा चार-सहा तासांनी चढते. दोन तासांचा आकडा फसवतो. पिझ्झा रात्री नऊला न खाता दुपारी किंवा सातच्या आत खा, एकच तुकडा आणि सोबत अंडं किंवा उसळ. जेवल्यावर तळ्याकाठी अर्धा तास फिरा. एकदा दोन आणि चार तासांनी साखर मोजून ते आकडे डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांची मात्रा स्वतः बदलू नका. इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांनी तर पिझ्झाच्या दिवशी डोस कधी आणि किती घ्यायचा हे आधीच विचारून ठेवावं. रक्तदाब असेल तर मीठही बघा: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे. चीज, सॉस आणि बेस या तिन्हींत मीठ असतं, त्यामुळे वरून पुडीतलं सिझनिंग भुरभुरू नका.

हिशोबात बसवून पिझ्झा खाल्ला, तरी सकाळी वजन सव्वा किलो जास्त! महिन्याची मेहनत वाया गेली? (विद्यापीठ वसतिगृह)

नाही गेली. सव्वा किलो चरबी चढायला सुमारे साडेनऊ हजार कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील, तेवढा पिझ्झा एका रात्रीत कुणाला जात नाही. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. स्नायूंत आणि यकृतात साठणाऱ्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबरही तीनेक ग्रॅम पाणी साठतं, शिवाय आतड्यातल्या अन्नाचं वजन असतंच. नेहमीसारखं जेवा, पाणी प्या, तीन-चार दिवसांत हे उतरेल. वजन आठवड्यातून एकदाच करा: ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी. शनिवारी पिझ्झा खात असाल तर तो वार शुक्रवार ठेवा.