बीपीची गोळी: सिस्टरांची उत्तरं

प्रश्न: अ‍ॅम्लोडिपिन जेवणाआधी घ्यावी की नंतर? (बाळे)

कधीही चालते. वेळ मात्र रोज एकच ठेवा.

प्रश्न: वडील यंत्रमागावर आहेत. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बीपी १२०/८० आलं. शेजारी म्हणतात, आता बंद करा, नाहीतर सवय लागेल. (अशोक चौक)

बंद करू नका. हा १२०/८० गोळीनेच आणलाय. ती थांबली की बीपी पुन्हा चढतं आणि चढताना बहुतेकांना काही जाणवतही नाही. वॉर्डात तोंड वाकडं झालेला, उजवा हात लुळा पडलेला माणूस येतो. बायको पिशवीतून अर्धी भरलेली स्ट्रिप काढते आणि म्हणते, "बरं वाटत होतं म्हणून थांबवली." ती स्ट्रिप मी फार वेळा हातात घेतली आहे. सवय दारूची लागते, तंबाखूची लागते. बीपीच्या गोळीची नाही. पण अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या बीपीच्या गोळ्या एकदम सोडल्या तर हृदयाच्या रुग्णाला झटका येऊ शकतो. क्लोनिडिन अचानक तोडली तर एक-दोन दिवसांतच बीपी उसळतं. "मुळापासून बरं" करणाऱ्या रसाची बाटली विकणारा जर म्हणाला, डॉक्टरांची गोळी सोडा, तर त्याच पावली दुकानातून बाहेर पडा. वजन उतरलं, शेंगाचटणी-लोणच्यातलं मीठ कमी झालं तर डोस कमी होऊ शकतो, पण तो डॉक्टरांनी करायचा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, हात छातीच्या पातळीवर ठेवायचा. ती वही घेऊन जा.

प्रश्न: गोळी सुरू झाल्यापासून संध्याकाळी घोटे सुजतात. (जुळे सोलापूर)

अ‍ॅम्लोडिपिनने असं होतं. तरी हृदय आणि किडनी तपासल्याशिवाय गोळीवर ठपका ठेवू नका. मेडिकलमधून स्वतःच लघवीची (लघवी वाढवून पाणी काढणारी) गोळी आणू नका. सुजेबरोबर धाप लागत असेल तर आजच दवाखाना गाठा.

प्रश्न: मुलगी टेल्मिसार्टन घेते. तिला दिवस राहिलेत. (होटगी रोड)

पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, आजच दाखवा. ही गोळी बाळाच्या किडनीला धोक्याची आहे आणि गरोदरपणात वाढलेलं बीपीही तितकंच घातक. म्हणून नुसती बंद करून चालत नाही, बदलून घ्यावी लागते.

प्रश्न: उन्हाळ्यात उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मीठ-साखरेचं पाणी घेऊ का? (अक्कलकोट रोड)

रोजच्या रोज मिठाचं पाणी नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. घामाने पाणी जातं, त्यात गोळी लघवीची असेल तर बीपी फार उतरतं. एकदम उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा, मग उभे राहा. बसून आणि उभं राहून असं दोनदा बीपी मोजा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा. जुलाब-उलट्या लागल्या तर गोळीचा पुढचा डोस घेण्याआधी त्यांना फोन करा.