फरशीचा रोबोट वॉर्डात सोडण्याआधी

हाउसकीपिंगला नवीन आहेस, तर फरशी धुणारा रोबोट कुठे सोडायचा नाही ते आधी पक्कं कर. ओपीडीची लॉबी, लांब कॉरिडॉर, रात्रीची वेळ, तिथे तो झकास चालतो. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, आयसोलेशन इथे माणूस आणि त्या जागेचा वेगळा मॉपच हवा.

रक्त सांडलेलं दिसलं की मशीन तिथेच थांबव. ब्रश फिरला तर डाग पुढे पसरत जातो. ग्लोव्ह्ज घाल, शोषक कागद टाक, त्यावर 1 टक्का हायपोक्लोराइट (जंतू मारणारं ब्लीच) ओतून किमान 10 मिनिटं थांब, मग सगळं उचलून जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. हेच हायपोक्लोराइट रोबोटच्या टाकीत मात्र मॅन्युअल बघितल्याशिवाय घालू नकोस, सील खराब होऊ शकतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते मळक्या पाण्याच्या टाकीकडे. शिफ्ट संपली की रिकामी कर, धू, झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळू दे. ओलसर टाकीत स्यूडोमोनाससारखे जंतू वाढतात आणि उद्या तेच वॉर्डभर फिरतात. रोबोटच्या मागच्या, पाणी ओढून घेणाऱ्या रबरी पट्टीत अडकलेले केस, चिकटपट्टीचे तुकडेही काढ. नाहीतर पाण्याची रेघ मागे राहते आणि सलाईनचा स्टँड धरून चालणारा पेशंट घसरतो.