धोट्याशेजारी घरटं

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

खोक्यांचे फोटो पाहिले. शंख, तांब्याची नाणी, पेंढा भरलेलं घुबड, गारगोट्या, मागावर आडवा धागा नेणारे धोटे, कुणाच्या तरी आजीचा अडकित्ता. बालसंग्रहालय निघतंय म्हटल्यावर लोक माळे रिकामे करतात, तुझंही तेच झालं तर! कपाटं लावायची घाई करू नकोस. आधी शिवलेली, जाड पुठ्ठ्याची नोंदवही आण. कॉम्प्युटर नंतर.

नंबर साधा ठेव: साल, त्या सालातली कितवी देणगी, त्या देणगीतली कितवी वस्तू. 2025.7.3 एवढं पुरे. दगडावर न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाची बारीक पट्टी, तिच्यावर काळ्या शाईने नंबर. चादरीला सुती फितीवर लिहून दोन टाके. नाण्यावर काहीच नाही, पाकिटावर लिही. चिकटपट्टी मात्र कशालाच लावू नकोस.

वस्तू काय, कुठली, कुणी दिली, कधी, हे सगळेच लिहितात. मला मोल वाटतं ते देणाऱ्याच्या तोंडच्या हकिकतीचं. धोटा भंगारवाल्याकडेही मिळेल. पण तो सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या कुठल्या गल्लीत चालायचा, हातमागावर की यंत्रमागावर, त्यातून चादर निघायची की लुगडं, हे देणारा दारात उभा असेपर्यंतच कळतं. एकदा तो जिना उतरला की संपलं. देणारे विणकर आजोबा तेलुगूत बोलले तर तेलुगूतच उतरवून घे, देवनागरीत का होईना.

घुबडाला मुलांचा हात लागू देऊ नकोस. जुन्या काळी पेंढा भरताना कातडीला विषारी आर्सेनिक चोळत. हातमोजे घालून काचेआड ठेव. डांबरगोळ्याही मुलांच्या खोलीत नकोत. आणि काळविटाची शिंगं घेऊन कुणी येणारच, काळविटांचं नान्नजचं माळरान जवळ आहे. 'आमच्या पणजोबांची आहेत' म्हणतील. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मालकीच्या दाखल्याशिवाय ती बाळगणं गुन्हा. गोड बोलून वन विभागाचा रस्ता दाखव.

आता मांडणी. 'निसर्ग' एका भिंतीला आणि 'इतिहास' दुसऱ्या भिंतीला, असं मोठ्या संग्रहालयांत चालतं. एका खोलीत ते कंटाळवाणं होतं. सुगरणीचं घरटं धोट्याशेजारी ठेव. पावसाळा सरल्यावर बाभळीखाली गळून पडलेलं रिकामं मिळालं तरच उचल, तेही वन विभागाला विचारून. अर्धवट मिळालं तर नशीबच समज, कारण पुरं झालेल्यात आतली बांधणी दिसत नाही. नर गवताच्या, उसाच्या पात्याच्या लांब पट्ट्या फाडून आणतो, चोचीने गाठी मारत विणतो आणि अर्ध्यावर मादीची वाट पाहतो. तिला पसंत पडलं तर पुढचं काम, नाहीतर ते तसंच लोंबकळत राहतं. शेजारी जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं टांग. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि चादरीवर मोर उमटतो. ज्याच्या घरी माग आहे तो पोरगा हे तुझ्यापेक्षा चांगलं सांगेल. त्याला सांगू दे.

हात लावायच्या टेबलावर सच्छिद्र काळा दगड हवाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पुढे पाझरलेल्या पाण्यातून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. सुयांसारखे नाजूक स्फटिक काचेत, गारगोट्या मुलांच्या हातात. त्यातली एखादी खिशातून घरी जाईल. जाऊ दे, टेबलावरच्या वस्तू जोडीनेच जमव, एक नोंदलेली कपाटात आणि एक झिजायला.

फुलपाखरांच्या पेट्या खिडकीसमोर दिसतात. आजच हलव, सोलापूरचं ऊन महिन्यात रंग उडवेल. पेटीच्या तळाशी बारीक भुसा दिसला तर किडीने आत घर केलंय, ती पेटी लगेच वेगळी काढ.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला गावोगावचे पाहुणे येतील, तेव्हा खोली उघडी ठेवायचा विचार असेल तर दिवाळीआधी निम्म्या नोंदी व्हायला हव्यात. वहीच्या पहिल्या दोन पानांचे फोटो पाठव. अक्षर बघायचंय.

तुझे
सर