बुडापेस्टमध्ये दोनच दिवस आहेत. हंगेरियन नॅशनल गॅलरी पाहावी का? तिथल्या चित्रकारांची नावं तर कुणालाच माहीत नाहीत.

पाहावीच. नावं माहीत नाहीत हे कारण मात्र देऊ नका; तेवढ्यासाठीच लिहायला बसले.

बुडाच्या टेकडीवर, राजवाड्यात ही गॅलरी आहे. मुलीबरोबर गेले आणि चोंत्वारी या हंगेरियन चित्रकाराच्या, सिसिलीतल्या ताओर्मिना गावाच्या चित्रासमोरून मला हलवेना. तीन मीटर उंच, साडेपाच मीटरहून रुंद. ग्रीक नाट्यगृहाचे पडके खांब, मागे समुद्र आणि एटना ज्वालामुखी. हा माणूस औषधांचं दुकान चालवायचा. तू मोठा चित्रकार होशील, असा आवाज त्याला ऐकू आला म्हणे. मग वर्षानुवर्षं पैसा साठवून चाळिशीत शिकायला गेला. १९१९मध्ये वारला, तेव्हा कॅनव्हास चांगला जाड म्हणून गाडीवान ती चित्रं ताडपत्रीसाठी बघायला आले होते. गेर्लोत्सी नावाच्या तरुण आर्किटेक्टने ती विकत घेतली, म्हणून वाचली.

मुलीने हे वाचून दाखवलं आणि मला तिथेच रडू फुटलं. माझे आप्पा नाटकाचे पडदे रंगवायचे. ते गेले त्याच पावसाळ्यात काकांनी दरबाराचा पडदा कडब्याच्या गंजीवर टाकला. मी भांडले, तर म्हणाले, "कापड कामाला तरी आलं. आप्पाला गावाबाहेर कोण ओळखत होतं?" सोळा वर्षांची होते, उत्तर सुचलं नाही. आता सांगते काका, नाव मागाहून होतं. आधी चित्र कोरडं राहायला हवं.

त्याच गॅलरीत येशूची आई मरिया आणि तिची नातलग एलिझाबेथ यांच्या भेटीचं १५०६चं चित्र आहे. चित्रकाराची ओळख म्हणजे एम. एस. ही दोन अक्षरं. नाव नाही म्हणून त्याच्यासमोर उभं राहायचं नाही का? सिन्येई मेर्शेचं १८७३चं 'मे महिन्यातली सहल'ही बघा. लोकांनी त्या लख्ख रंगांना नावं ठेवली आणि बिचाऱ्याने कितीतरी वर्षं ब्रश खाली ठेवला.

सोमवारी बंद असते, हे सांगायचं राहिलं. चोंत्वारीची बरीचशी चित्रं पेच गावी आहेत, आणि मुन्काची या दुसऱ्या हंगेरियन चित्रकाराची ख्रिस्तावरची तीन मोठी चित्रं देब्रेत्सेन शहरात. ती इथे शोधू नका. फाइन आर्ट्स म्युझियम वेळ उरला तर करा.

आणि घरात कुणी चित्रं काढून गेलं असेल, तर ती माळ्यावरून आजच उतरवा. आप्पांचा वनाचा पडदा तेवढा माझ्याकडे राहिलाय. गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलाय.