झपाटलेल्या मुलाची गोष्ट लिहिताना

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीचे हस्तलिखित मी दोनदा वाचले. पहिल्यांदा निव्वळ वाचक म्हणून आणि नंतर पेन्सिल हाती घेऊन. तिसऱ्या प्रकरणात तो दहा वर्षांचा मुलगा उशाशी पाण्याचा पेला ठेवतो आणि रात्री टॉर्च लावून पाण्यावर तरंग उठतो का ते पाहत राहतो, तिथे पेन्सिल खाली ठेवावीशी वाटली. त्या पानावर भूत कुठेच नाही, फक्त एका मुलाने भीतीवर स्वतःपुरता शोधलेला उपाय आहे. भ्यालेली मुले बहुधा किंचाळत बसत नाहीत, ती आपापले नियम करतात, जसे की पाय पांघरुणाबाहेर काढायचा नाही आणि दाराकडे पाठ करायची नाही. पुढे मात्र तू त्याला मोठ्या माणसासारखे तर्क करायला लावले आहेस, आणि तिथून तो मला परका झाला.

खरी अडचण अकराव्या प्रकरणात आहे. तळघरातल्या यंत्राचा कंप सापडतो, यंत्र बंद होते आणि सारे शांत होते. कल्पना निराधार नाही. व्हिक टँडी या ब्रिटिश अभियंत्याला प्रयोगशाळेत रात्री एकट्याने काम करताना घाम फुटला आणि डोळ्यांच्या कडेला करडी आकृती जाणवली. दुसऱ्या दिवशी व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात, पकडलेले तलवारबाजीचे पाते आपोआप थरथरताना दिसले, तेव्हा शोध घेता घेता तो एका नव्या पंख्यापर्यंत पोहोचला. त्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १९ कंपनांचा, ध्वनी घुमत होता, आणि आपला कान साधारण २० हर्ट्झच्या खालचे ऐकत नाही. त्यावरचा त्याचा शोधनिबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पण पुढे मुद्दाम तसा ध्वनी सोडून केलेल्या एका प्रयोगात लोकांना विचित्र अनुभव आले खरे, मात्र त्यांचा त्या ध्वनीशी संबंध जुळला नाही. तुझी कादंबरी नेमकी या फटीत उभी राहायला हवी.

म्हणून यंत्र खुशाल बंद होऊ दे, पण त्या रात्री पेल्यातले पाणी पुन्हा हलू दे. घरात चौघे झोपतात, मग कंप एकट्यालाच का जाणवतो, याचे उत्तर त्याच्या शरीरात शोध. निद्रापक्षाघाताचा प्रसंग तू दोन ओळींत उरकला आहेस. स्वप्नांच्या झोपेत स्नायू शिथिल असतात, ती शिथिलता जाण्याआधीच जाग आली तर माणूस पाहू शकतो पण हलू शकत नाही, आणि अनेकांना तेव्हा खोलीत कुणीतरी असल्याची खात्री वाटते. आई हाका मारते आहे, त्याला ऐकू येते आहे आणि ओ देता येत नाही, हे सांगायला दोन पाने लागली तरी दे. कारण कळल्यावर त्याची भीती वाढली पाहिजे, कारण जे बाहेर आहे असे वाटत होते ते त्याच्या आतच आहे.

आपल्या भाषेत झपाटणे भुतानेही होते आणि ध्यासानेही. तुझा मुलगा शेवटी त्या पेल्यानेच झपाटलेला असेल तर मला ते फार आवडेल. अकरावे प्रकरण आधी लिही, बाकीची दुरुस्ती थांबू शकते. नवे प्रकरण हाती पडले की त्याच दिवशी वाचून कळवीन.

तुझा,
एक जुना वाचक