कोर्स नंतर लाव, आधी एका वर्गाची विकी चालवून बघ

तुझं पत्र वाचलं. बीएड करतेयस, शिकवायला आवडतं पण कॉम्प्युटरचंही वेड आहे, शाळांसाठी ब्लॉग आणि विकी (म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची, सुधारायची वेबसाइट) असं काहीतरी करायचंय आणि त्यासाठी आधी वेब डेव्हलपमेंटचा कोर्स लावू का असं विचारलंयस. माझं स्पष्ट मत, आत्ता नको लावूस.

शाळेला वेबसाइट बनवून देणारे पुष्कळ मिळतात गं, पण मुलांना त्यावर लिहितं करणारं आणि ते टिकवणारं माणूस मिळत नाही. ब्लॉगची टूल्स तर केव्हाच सोपी झालीयेत. ब्लॉगर १९९९ पासून आहे, वर्डप्रेस २००३ पासून, आणि खास शिक्षकांसाठी २००५ मध्ये आलेलं एज्युब्लॉग्ज वर्डप्रेसवरच चालतं, म्हणजे एक हाताखालून गेलं की दुसरं अर्धं आलंच.

माझ्या मते विकीवर जास्त वेळ घाल. ब्लॉगवर नवी पोस्ट आली की जुनी खाली जाते, सूचना, गृहपाठ, एखाद्या मुलीचा निबंध याला तो बरोबर आहे. विकीत पान जागेवरच राहतं आणि सगळे मिळून ते सुधारत जातात, म्हणजे प्रकाशसंश्लेषण शिकवून झालं की वर्गानेच त्यावर पान लिहायचं आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्यातल्या चुका काढायच्या, भर घालायची. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली तीसुद्धा प्रोग्रामर लोकांनी आपापलं ज्ञान एका जागी लिहावं म्हणूनच. आणि मला सगळ्यात आवडते ती पानाची हिस्टरी! कोणी काय लिहिलं, कधी बदललं सगळं दिसतं, त्यामुळे ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकाने राबायचं आणि बाकीच्यांनी मार्क घ्यायचे हे चालत नाही, आणि कोणी पान पुसलं तरी जुनी आवृत्ती परत आणता येते.

टूल निवडताना एक मात्र बघच, आपला मजकूर बाहेर काढता येतो का. विकीस्पेसेस नावाचं विकी बनवायचं संकेतस्थळ शिक्षकांमध्ये किती चालायचं, २०१८ मध्ये ते बंद झालं. शाळेत मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर विकी त्यातच मिळते. स्वतःचा सर्व्हर असेल तर डोकुविकी, हे विकीचं सॉफ्टवेअर आहे, त्याला डेटाबेस लागत नाही, पानं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतात, कॉपी केली की झाला बॅकअप. मुलांची पूर्ण नावं, फोटो उघड्यावर टाकायचे नाहीत, पालकांना विचारल्याशिवाय तर नाहीच, आणि कमेंट आधी तू वाचायची मगच दिसू द्यायची.

नोकरीचं म्हणशील तर नुसतं 'विकी चालवणारी' अशी जागा क्वचितच निघेल. पण शिक्षिका म्हणून लागलीस आणि हे येत असेल तर शाळेचं डिजिटल काम, इतर शिक्षकांचं ट्रेनिंग हे तुझ्याकडे येऊ शकतं, पुढे शैक्षणिक कंटेंटच्या कंपन्याही आहेत. म्हणून सराव पाठांच्या काळातच एका वर्गाची विकी चालव, काय जमलं काय फसलं ते स्वतःच्या ब्लॉगवर लिहीत जा, इंटरव्ह्यूला तेच दाखव. हे करताना कुठे अडलीस आणि कोडिंग खरंच लागलं, तर तेवढं तेव्हा शिक. पहिलं पान कोणत्या धड्यावर करतेयस ते मात्र कळव.